जे आधी होईल ते

तीस वर्षं काउंटरच्या आतून
मी लोकांना एकच सांगत आले:
पाकिटातला कागद वाचा.
जेवणानंतर, दिवसातून दोनदा, कोर्स पुरा करा,
आणि शेजारणीला काय लागू पडलं
ते मला सांगू नका.

आता ॲबरगव्हेनीत, दाराशी
शेवाळी रंगाची गाडी, जमिनीला पोट टेकलेली.
केतकीचा लीड्सहून फोन: "आई, दोनच सीट?"
म्हटलं, तिसरं कोण येणार आहे?
मांडीवर गाडीचं पुस्तक, चारशे बारा पानं.
पान दोनशे एकोणनव्वद:
तेल झीरो डब्ल्यू वीस.
बदल दहा हजार मैलांनी किंवा वर्षाने,
जे आधी होईल ते.

डब्ल्यू म्हणजे विंटर, हे एकसष्टाव्या वर्षी कळलं.
पहिला आकडा थंडीचा. जितका लहान
तितकं तेल गारठ्यातही वाहतं.
दुसरा, इंजिन पुरतं तापल्यावर
अंगात किती दाटपणा उरतो त्याचा.
थिजलेल्या खोबरेलाची बाटली
दर जानेवारीत रेडिएटरला टेकवून ठेवणाऱ्या बाईला
यातलं पहिलं तरी आपसूक कळायला हवं होतं.

शेजारी ग्लिन प्रॉसर, बस डेपोत चाळीस वर्षं फिटर.
कुंपणावरून म्हणाला, "वीस? ते तर पाणी.
आणि दहा हजार हा आकडा
गाडी विकणाऱ्याचा, गाडी सांभाळणाऱ्याचा नव्हे.
पहिलं तेल हजारावर काढ.
नवी गाडी स्वतःलाच थोडी खाते."
मी पुस्तक पुढे केलं.
त्याने चष्मासुद्धा काढला नाही खिशातून.
असे पेशंट मी खूप पाहिलेत.

दाटपणावर मी हटले नाही.
कॅनच्या पाठीवरचं बारीक अक्षरांतलं प्रमाण
पुस्तकातल्याशी एकेक अक्षर ताडून पाहिलं,
सारख्या नावाच्या दोन गोळ्या ताडाव्यात तसं.
वॉरंटी आहे बाबा. वीस म्हणजे वीस.
पण हजाराचं त्याचं बोलणं
ब्लोरेंजच्या चढावर रोज आठवायचं,
जेव्हा पाण्याचा काटा वर येऊनही
मी गाडी दामटत नसे,
कारण तेल तापतं मागाहून,
माझ्या नवऱ्यासारखं, काही न सांगता.

नऊशे ऐंशीवर, एका मंगळवारी,
ग्लिनने रॅम्प आणले.
आधी दहा मिनिटं फिरवून आणली, कोमट झाली,
मग नट सैल.
काकवीच्या रंगाची धार, आधी जाड,
मग सुतासारखी, मग थेंब थेंब.
टॉर्च धरला तर आत
जरीचा चुरा सांडल्यासारखं काही लुकलुकलं.
नटाच्या चुंबकावर करडी लव.
"बघ," एवढंच म्हणाला तो.
मी बघितलं. कागदात हे नव्हतं.

नवी तांब्याची वॉशर, नवा फिल्टर, नवं तेल.
चहा घेताना त्याचा हात थरथरला,
बशीत सांडला.
"प्रेशरच्या गोळ्या घेतोस ना?"
"बरं वाटायला लागलं, सोडल्या मार्चमध्ये."

मी डिपस्टिक ओढली, पुसली, परत घातली,
परत ओढली. दोन खुणांच्या बरोबर मधे.
"ग्लिन, बस बरी चाललीये म्हणून
तेल टाकायचं राहू दिलंस कधी?"
तो कुंपणाकडे बघत बसला.

जुन्या तेलाचा थोडा नमुना
दुकानातून आणलेल्या तपकिरी बाटलीत भरला,
लेबल चिकटवलं: तारीख, मैल, रंग.
पुढचा बदल पाच हजारांनी किंवा वर्षाने.
माझी चाल बघता वर्षच आधी होणार.
दुसरं लेबल लिहिलं त्याच्यासाठी,
रोज सकाळी एक, न्याहारीनंतर,
आणि जाताना त्याच्या टूलबॉक्सच्या झाकणावर
पक्कं दाबून बसवलं.